दादाही खरा, धाकटाही खरा. मग स्टुडिओने ऐकायचं कुणाचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तू नाशकात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेस. रविवारी कॉलेज रोडच्या गेमिंग कॅफेत तुमचा ग्रुप जमतो आणि असॅसिन्स क्रीड या व्हिडिओ गेम मालिकेचा विषय निघाला की दोन तट पडतात. तुझ्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, म्हणणं, ब्लॅक फ्लॅग या भागानंतर ही मालिका संपली, आता नुसतं नाव उरलंय. वर्गातली पोरं, म्हणजे धाकटे, ओडिसी या नंतरच्या भागापासून खेळायला लागलेली; त्यांना जुने गेम म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी हमाली वाटते. तुला गेम डिझाइनमध्ये यायचंय, म्हणून विचारतोस की बरोबर कोण, आणि स्टुडिओने कुणाचं ऐकावं?

मी आधी पुण्यातल्या एका स्टुडिओत आणि आता नाशकात बसून लेव्हल आणि कॉम्बॅट डिझाइनचंच काम करतो, तेव्हा उत्तर त्या बाजूने देतो. चाहता म्हणून माझंही मत आहे, पण ते चहाच्या टपरीवर.

दोघांचंही दुखणं खरं आहे. दुखतंय कुठे हे मात्र दोघांनाही नीट सांगता येत नाही. मालिकेवरून वाद घालताना लोक कथा, काळ, कॅमेरा आणि नकाशाचा आकार यांबद्दल बोलतात, कारण या गोष्टी डोळ्यांना दिसतात. मालिका आपली वाटते की परकी, हे ठरतं दुसरीकडे: गेम खेळणाऱ्यावर कसला ताण टाकतो आणि त्यातून सुटायला त्याचे हात काय करतात. एवढं जपलं तर बाकी जवळजवळ सगळं बदलता येतं. ते हललं तर नायक, संगीत, लोगो जसेच्या तसे ठेवूनही लोक म्हणतात, काहीतरी गेलं.

दादाच्या दाव्यात एक गंमत आहे. २०१३ साली ब्लॅक फ्लॅग आला तेव्हा त्याच्यासारखेच जुने चाहते म्हणत होते, हा चाच्यांचा गेम आहे, असॅसिनचा, म्हणजे गुप्त मारेकऱ्याचा नाही. त्यात तथ्यही होतं. एडवर्ड केनवे बराच काळ असॅसिन नसतोच. एकाला मारून त्याचे कपडे अंगावर चढवणारा आणि पैशामागे धावणारा खलाशी असतो तो. त्याच्याही मागे जा. २००७ चा पहिला गेम हा प्रिन्स ऑफ पर्शिया या जुन्या गेम मालिकेचा एक फाटा म्हणून सुरू झालेला प्रकल्प. त्यात खून करण्याआधी माहिती काढावी लागायची: बाकावर बसून कान द्यायचा, खिसा मारायचा, एखाद्याला बोळात गाठून बदडायचं. दमास्कस असो की जेरुसलेम, कामं तीच. २००९ च्या दुसऱ्या गेमने ही पद्धतच मोडीत काढली. एझिओ हा नवा नायक आला, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस आलं, हातात पैसा आला, दुकानं आली, सजवायला स्वतःचा व्हिला आला. आज ज्याला सगळे ‘मूळ’ असॅसिन्स क्रीड म्हणतात तो हा बदललेला गेम. म्हणजे दादाचं मूळ त्याच्यापर्यंत पोहोचेस्तोवर निदान दोनदा बदललेलं होतं.

याच मालिकेतल्या युनिटीचं उदाहरण तर बघण्यासारखं आहे. २०१४ साली तो आला तेव्हा त्यातल्या चुका, विशेषतः चेहरा गायब होऊन नुसते डोळे आणि दात उरलेली पात्रं, यांवर जगभर हसू झालं. २०१९ च्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र दामला आग लागली, त्यानंतर ही मालिका काढणाऱ्या युबीसॉफ्ट कंपनीने काही दिवस तो पीसीवर फुकट दिला, आणि लोकांनी नव्याने खेळून बघितला. तोवर चुका दुरुस्त करणारे पॅचेस आले होते, मशीनंही सुधारली होती. आता चांगलं पार्कूर, म्हणजे भिंती-छतांवरून पळणं-चढणं, कुठल्या गेममध्ये होतं असं विचारलं की जुनी मंडळी पहिलं नाव युनिटीचंच घेतात. तेव्हा ‘चाहत्यांना काय हवं’ असं कुणी विचारलं की आमच्या कामातला पहिला उलटा प्रश्न असतो, कोणत्या वर्षीच्या?

आता सांधा खरा कुठे निखळला ते बघू. २०१७ चा ओरिजिन्स. तोपर्यंत हिडन ब्लेडचा, म्हणजे मनगटाशी लपवलेल्या पात्याचा, करार साधा होता: न दिसता जवळ पोहोचलास की समोरचा मेला. सगळा ताण त्याच्या आधीचा. पहारेकरी कधी वळतो, छतावरून जायचं की गर्दीतून, उडी आता मारायची की दोन श्वास थांबून. बटण दाबणं ही नुसती सही. ओरिजिन्सपासून माणसांच्या डोक्यावर लेव्हलचे, म्हणजे कोण किती ताकदवान याचे, आकडे आले. आता तू तेवढ्याच हुशारीने मागे पोहोचलास, बटण दाबलंस, आणि त्याची लाइफ निम्मीच उतरली. तो वळला आणि तुझ्याच अंगावर आला. का? कारण तीन तासांपूर्वी तू पुरेसं साहित्य गोळा करून ब्लेड वाढवलं नव्हतंस. त्या क्षणाचा निकाल त्या क्षणाबाहेर लागायला लागला. ताण छतावरून उठून थैलीत गेला.

दादा जेव्हा म्हणतो की नकाशा फार मोठा झाला, पुराणातले राक्षस कशाला आणले, तेव्हा तो या दुखण्याचंच भाषांतर करत असतो. याला पुरावा स्टुडिओनेच दिलाय. व्हल्हाला या पुढच्या भागात सेटिंगमध्ये ‘गॅरंटीड असॅसिनेशन’ नावाची सोय आहे, त्यानंतरच्या शॅडोजमध्येही आहे. चालू केली की ब्लेडचा वार पुन्हा हुकमी. नकाशा तेवढाच, कथा तीच, लूट तीच, आणि तरीही तक्रार करणाऱ्यांपैकी कितीतरी जण शांत होतात.

त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा तर तो मांडतच नाही, म्हणून मीच मांडतो. लेव्हल आली की ती वाढवायला वेळ लागतो, आणि वेळ लागला की तो विकता येतो. ओडिसीत एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, कायमचे जास्त मिळवून देणारा बूस्टर खऱ्या पैशाने विकायला होता. मुख्य कथा मध्येच थांबते, पुढच्या भागाची लेव्हल वर असते, आणि दुकान एका बटणावर. या दोन गोष्टी एकमेकींकडे बघून बनवल्या असा आरोप मी करणार नाही, कारण त्या खोलीत मी नव्हतो. पण खेळणाऱ्याच्या मनात एकदा ती शंका आली की डिझाइनरची प्रत्येक अडचण त्याला वसुली वाटायला लागते. हे नुकसान पॅचने भरून येत नाही.

धाकट्यांची बाजूही ऐक. जुन्या गेम्समधलं ‘याच्या मागे मागे जा, दिसलास तर पुन्हा पहिल्यापासून’ हे प्रकरण आठव. ब्लॅक फ्लॅगमध्ये असली मिशन्स भरमसाट होती. झाडीत दबा धरून दोन माणसांचं बोलणं ऐकायचं, जरा अंतर वाढलं की मिशन फेल. छुपेपणाचा ताण असा असतो का? हा तर रांगेत उभं राहण्याचा ताण. ओडिसीत तोच किल्ला रात्री घुसून घेता येतो, लांबून बाण मारून घेता येतो, नाहीतर सरळ दरवाज्यातून आरडाओरडा करत. फसलास तर गेम चालू राहतो, तुझी योजना बदलते. ज्याने पहिल्यांदा हे चाखलं त्याला जुनं मिशन तुरुंग वाटणारच. त्याला उथळ म्हणणं हा वयाचा माज आहे.

नाशिकच्या पोरांना हे सांगताना मी रहाडीचं, म्हणजे रंगाने भरलेल्या जमिनीतल्या हौदाचं, उदाहरण देतो. रंगपंचमीला तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी उघडतात; पेशवेकाळापासूनची परंपरा. भोवतालचं सगळं बदललं. डीजे आला, हातोहात मोबाइल आले, बाहेरगावची गर्दी आली. तरी रहाड संपली असं कुणी म्हणत नाही, कारण हौदात उडीचा धप्पा मारायचा तो तसाच मारायचा. उद्या जागा तीच, रंग तोच, मानकरी तेच ठेवून कुणी तो रंग वरून शॉवरने सोडला, तर पहिल्याच वर्षी लोक म्हणतील, हा रेन डान्स झाला. रेन डान्सही आपल्याकडे जोरात चालतो, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण तो वेगळा खेळ आहे आणि त्याला रहाड म्हटलं की भांडण होणार.

कॅपकॉम या जपानी गेम कंपनीने हे फार पूर्वी ओळखलं होतं. रेसिडेंट ईव्हल या त्यांच्या भयपट छापाच्या मालिकेच्या चौथ्या भागासाठी काम चालू असताना एक आवृत्ती इतकी मारधाडीची आणि चपळ झाली की त्यांनी तिला वेगळं नाव देऊन टाकलं. तोच २००१ चा डेव्हिल मे क्राय. एक मालिका वाचली आणि दुसरी जन्माला आली. रेसिडेंट ईव्हलच कॅमेऱ्याच्या वादावरही चांगलं उत्तर देते. १९९६ साली कोपऱ्यात टांगल्यासारखा स्थिर कॅमेरा, २००५ च्या चौथ्या भागात खांद्यामागचा, २०१७ च्या सातव्या भागात थेट नायकाच्या डोळ्यांतून. दर वेळी ‘हा आमचा रेसिडेंट ईव्हल नाही’ अशी ओरड झाली. सातव्यात सुरुवातीला ओळखीचा नायकसुद्धा नाही, एक इथन नावाचा साधा माणूस. पण बंद घर, कुलपं, किल्ल्या, मोजक्या गोळ्या, सामान ठेवायला अपुरी जागा, आणि हायसं वाटणारी एखादी सुरक्षित खोली हे सगळं परत आलं. ही गोळी आता वापरू की ठेवू, हा मूळ ताण. तो आला आणि तासाभरात लोक कॅमेरा विसरले. याउलट २०१२ च्या सहाव्या भागात लिऑन, क्रिस हे ओळखीचे नायक होते, झॉम्बीही होते, विक्रीही वाईट नव्हती. पण हाणामारी इतकी मुबलक की गोळी मोजायची भीतीच उरली नाही. आजही त्या मालिकेचा रस्ता कुठे चुकला म्हटलं की बहुतेकजण त्याच भागाकडे बोट दाखवतात.

पुढे याच मालिकेतल्या २०२१ च्या व्हिलेजला सुमारे दीड वर्षाने खांद्यामागच्या कॅमेऱ्याची सोयही जोडून दिली. कॅमेरा ही अशी द्यायची गोष्ट आहे. गोळ्यांची टंचाई ऐच्छिक करता येत नाही.

चाहत्यांच्या हातातच मालिका दिली तर ते काय करतात, याचं उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरवर आहे. ईए क्रिकेट ०७ हा २००६ च्या शेवटी आलेला गेम. त्यानंतर ईएने पीसीवर क्रिकेटचा नवा भाग काढलाच नाही. मग लोकांनी स्वतःच पॅच बनवायला घेतले: नवे खेळाडू, नव्या जर्सी, आयपीएलचे संघ, स्टेडियम, बॅटवरचे स्टिकर, स्कोअरबोर्ड. वर्षानुवर्षं चाललंय हे. आणि या सगळ्यात जवळजवळ तसाच राहिला तो शॉट मारण्याचा ठेका: चेंडू टप्पा खातो, तुझं बोट कधी पडतं, बस. तांत्रिक अडचणही होती, गेमचा गाभा उघडून बदलणं पॅचवाल्यांना सोपं नव्हतं. पण नंतर २०१४ मध्ये डॉन ब्रॅडमन क्रिकेट आला, कंट्रोलरच्या दोन स्टिकवरची बॅटिंग घेऊन, खेळ म्हणून कितीतरी खोल. तरी माझ्या ओळखीतले अर्धे लोक दोन ओव्हर खेळून ०७ वर परतले. बोटांना सवय होती.

एज ऑफ एम्पायर्स या सैन्य-राज्य उभारायच्या गेमचा दुसरा भाग याहून बोलका. १९९९ चा गेम. ज्या मंडळींनी त्याच्यासाठी हौसेखातर मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली भर, बनवला त्यांनाच पुढे अधिकृत भाग बनवायला मिळाले. २०१३ च्या ‘द फरगॉटन’मध्ये भारतीयांची एक संस्कृती, म्हणजे खेळायला निवडता येणारा पक्ष, आली. २०२२ मध्ये तिची फोड करून हिंदुस्तानी, बंगाली, द्राविड, गुर्जर असे वेगळे पक्ष केले. केवढा मोठा बदल, पण आपल्याकडे स्वागतच झालं, कारण गावकरी पाठवा, रानडुक्कर ओढून आणा, एज वाढवा, हा हातांचा क्रम तसाच होता. २०२५ मध्ये ‘थ्री किंग्डम्स’ आला आणि त्यात रँक्ड, म्हणजे क्रमवारी ठरवणाऱ्या, सामन्यात वापरता येणारे हीरो आले, तेव्हा मात्र मोठा गोंधळ झाला. मध्ययुगाच्या गेममध्ये तिसऱ्या शतकातला चीन कशाला, हाही आक्षेप होता, पण खरी चीड हीरोंवर. एका माणसाभोवती लढाई फिरायला लागली की पंचवीस वर्षं घोटलेलं सैन्याचं गणित बिघडतं.

एक सावधगिरी मात्र ठेव. चाहत्यांच्या आवडीतला बराच भाग आवडीचा नसतोच. २००४ मध्ये काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमची सोर्स ही नवी आवृत्ती आली तेव्हा आपल्या कॅफेंमध्ये जुना १.६ चालूच राहिला, आणि आम्ही छाती काढून सांगायचो की खऱ्या नेमबाजाला १.६ च लागतो. थोडं खरं होतं. पण मालकाकडच्या मशीनमध्ये सोर्स धड चालत नव्हता हे त्याहून खरं होतं. आमच्या निष्ठेत ग्राफिक्स कार्डाचा वाटा मोठा होता. पुढे २०२३ मध्ये तो काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने सीएस गो या नंतरच्या आवृत्तीच्या जागेवरच सीएस टू बसवला, तेव्हा जुन्यावर अडून बसायची मुभा फारशी उरली नाही. भांडण त्यामुळे लवकर मिटलं की नुसतं दबलं, यावर माझं मत अजून ठरत नाही.

आता स्टुडिओ कुणाचं ऐकतो. जो लिहितो, बोलतो, चिडतो तो बहुधा गेम पूर्ण केलेला माणूस असतो. पहिल्या दोन तासांत सोडून गेलेला काही लिहीत नाही, निघून जातो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर कुठल्याही गेमच्या अचीव्हमेंटची, म्हणजे किती जणांनी कुठला टप्पा गाठला याची, जागतिक टक्केवारी उघडून बघ, सगळ्यांना दिसते. पहिल्या प्रकरणाची आणि शेवटाची टक्केवारी शेजारी ठेव. बहुतेक लांबलचक गेम्सचा शेवट निम्म्याहून कमी लोकांनी बघितलेला असतो. स्टुडिओकडे याहून बारीक आकडे असतात: कुठल्या मिशनला किती लोक गळाले, कुठलं हत्यार कुणी उचललंच नाही. दादाचं दहा पानी पत्र आणि हा गळतीचा आलेख दोन्ही टेबलावर असतात, आणि आलेख पैशाची भाषा बोलतो. असा गेम बनवायला शेकडो माणसं काही वर्षं राबतात. जुने चाहते नोकरी-संसाराला लागलेले असतात, दर भागाला नवी माणसं आलीच पाहिजेत. ओरिजिन्सचं वळण त्या गरजेतून आलं आणि धंदा म्हणून ते चुकलं नाही. व्हल्हाला या मालिकेतल्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या गेम्सपैकी आहे.

पण आलेख फक्त कुठे ते सांगतो, का ते सांगत नाही. त्यासाठी प्लेटेस्ट. खेळणाऱ्याच्या मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तो कुठे फोन बघतो ते लिहून ठेवायचं. माझ्या लेखी सगळ्यात कामाची नोंद हीच. खेळून झाल्यावर ‘आवडलं का’ विचारायचं नाही, लोक सौजन्याने खोटं बोलतात; ‘काय काय झालं ते सांग’ म्हणायचं. जे प्रसंग त्याच्या सांगण्यात येतात तो त्याच्यासाठी गेम, बाकीचं भरताड. चाहत्याने तक्रार केली तर ती शंभर टक्के खरी धरायची. त्याने उपाय सुचवला तर आभार मानून बाजूला ठेवायचा.

उपाय जसाच्या तसा घेतला की काय होतं ते असॅसिन्स क्रीडच्याच मिराजमध्ये दिसतं. २०२३ चा हा गेम खास दादासारख्यांसाठी: नवव्या शतकातलं बगदाद, आटोपशीर नकाशा, हुकमी ब्लेड, गर्दीत मिसळणं. सुरुवात व्हल्हालाची पुरवणी म्हणून झाली होती. मागितलेल्या यादीतलं बहुतेक सगळं दिलं. तरी जुने चाहते म्हणाले की पळताना, चढताना मजा येत नाही. बरोबर, कारण शरीराची हालचाल व्हल्हालाच्या पायावरच उभी होती. मला तो गेम आवडतो, पण डोळ्यांनी जुना आणि बोटांनी नवा आहे.

२०२५ चा शॅडोज मला या सगळ्या भांडणाचा तह वाटतो. त्यात दोन मुख्य पात्रं: नाओए अंधारात लपणारी, यासुके दार फोडून आत जाणारा. दोन तटांना दोन माणसं वाटून दिली. हुशारी आहे, आणि पळवाटही: दोघांना चालेल असा प्रत्येक किल्ला बांधायचा म्हणजे कुणा एकासाठी पूर्ण बांधताच येत नाही. नाओएच्या वाटेवरचे किल्ले सुंदर आहेत. यासुकेला छतावर चढवून बघ, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

तुझ्या ग्रुपपुरतं सांगायचं तर पुढच्या रविवारी वाद न घालता अदलाबदल करा. धाकट्यांना २००७ चा देऊ नकोस, तिसऱ्या चौकशीला उठून जातील. दुसरा किंवा त्याच्या पुढचा ब्रदरहुड दे. दादाला शॅडोज दे, गॅरंटीड असॅसिनेशन आधी चालू करून, आणि कथा भाग पाडत नाही तोवर नाओएनेच खेळायला सांग. तू मागे वही घेऊन बस. प्रत्येकाच्या नावापुढे तीनच गोष्टी लिही: फोन कधी बघितला, स्वतःहून काय पुन्हा करून बघितलं, आणि नंतर कुठला प्रसंग सांगितला. त्यावरून एक पान लिही की पुढच्या भागात तू एकच गोष्ट बदलणार असशील तर कुठली, आणि कुठल्या गोष्टीला हात लावणार नाहीस. ज्युनिअर डिझाइनरच्या मुलाखतीला मी बसतो तेव्हा पोरं नव्या भागाच्या चाळीस पानी कल्पना घेऊन येतात. नवा नायक, नवं शहर, ड्रॅगन. हे एक पान आणणारा क्वचित भेटतो. तुझं झालं की मला दाखव.